कामगार नुकसानभरपाई : हैदराबाद

कामावर असताना अपघातात इजा झाली, व्यवसायातून रोग जडला किंवा मृत्यू ओढवला, तर कामगाराला अथवा त्याच्या वारसांना कायद्याने मिळणारी रक्कम, औषधोपचाराचा खर्च आणि इतर लाभ यांना कामगार नुकसानभरपाई म्हणतात. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला एवढे पुरते. जीडिमेटला, बालानगर, सनतनगर, नाचारम, चर्लापल्ली, काटेदान, पाटनचेरू आणि पाशमैलारम या औद्योगिक पट्ट्याने वेढलेल्या हैदराबादेत या भरपाईच्या दोन कायदेशीर वाटा आहेत. पहिली कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘ईएसआय’ची. विम्याबाहेरच्या कामगारासाठी दुसरी, थेट मालकाकडून भरपाई वसूल करण्याची. दुर्घटनेनंतर सरकार जाहीर करते ती सानुग्रह मदत या दोहोंहून वेगळी असते. ती हक्काची नसते, आणि ती मिळाली म्हणून हक्काची भरपाई बुडतही नाही. पुष्कळ कुटुंबांना हा फरक कोणी सांगत नाही.

इतिहास : मालकाचा दोष न पाहता भरपाई देण्याची पद्धत जर्मनीत १८८४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये सुरू झाली. भारतात त्यापूर्वी १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा लावता येई, पण त्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. यंत्रावर हात गमावलेल्या अशिक्षित माणसाला ते जमण्याजोगे नव्हते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून ब्रिटिश भारतात लागू झाला. निजामाचे राज्य त्याबाहेर होते. विलीनीकरणानंतर १९५१ च्या ‘ब’ वर्ग राज्ये (कायदे) अधिनियमाने त्याची व्याप्ती हैदराबाद राज्यापर्यंत आली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे नांदेडच्या उस्मानशाही मिलचा कामगार आणि हैदराबादच्या ऑल्विनचा कामगार एकाच वेळी या कायद्याच्या छत्राखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये वेगळी झाली, तरी मराठवाड्यातून कामासाठी हैदराबादला जाणाऱ्यांची रीघ थांबली नाही, आणि अपघात झाला की यांतली पुष्कळ कुटुंबे भरपाईसाठी तेलंगणाच्या कार्यालयांत खेटे घालतात.

विम्याची कल्पना पुढे आली ती प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. आडारकरांचा विचार साधा आणि दूरदृष्टीचा होता : भरपाई एकेका मालकाच्या ऐपतीवर आणि इच्छेवर सोडली तर लहान कारखान्यातला कामगार नेहमीच उपाशी राहील, म्हणून सर्वांच्या वर्गणीतून निधी उभारावा. १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५५ मध्ये ती हैदराबाद-सिकंदराबादेत पोचली. सनतनगरचे ईएसआय रुग्णालय त्याच परंपरेतले. तेथे आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आणि जवळच्या मेट्रो स्थानकाचे नावच ‘ईएसआय हॉस्पिटल’ आहे.

दायित्व : अपघात ‘कामाच्या ओघात’ घडला का, यावर सर्वाधिक वाद होतात. मुंबईच्या ‘बेस्ट’ बससेवेतल्या एका चालकाचे प्रकरण यात पायाभूत मानले जाते. काम संपवून, बस आगारात लावून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता. वाटेत अपघात होऊन तो मरण पावला. गणवेशातल्या चालकाला फुकट प्रवासाची दिलेली सवलत सेवा सुरळीत चालावी म्हणून आहे, तेव्हा तो प्रवासही कामाचाच भाग, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. लांब पल्ल्याची लॉरी चालवताना हृदयविकाराने मरण पावलेल्या चालकाच्या प्रकरणात, कामाच्या ताणामुळे आलेला मृत्यूही अपघातच, असे २०१२ मध्ये ठरले. लॉरीचालक आणि क्लीनर यांचे दावे ज्या शहरात नेहमीचे आहेत, त्या हैदराबादला या निर्णयाचे मोल मोठे आहे.

मालकाची जबाबदारी टळते ती मोजक्या प्रसंगी : अपंगत्व तीन दिवसांहून जास्त टिकले नाही, कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा यंत्राचे कवच मुद्दाम काढले. यांपैकी नशा, नियमभंग व कवच काढल्याची सबब मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता चालत नाही. पॉवर प्रेसवर बोटे तुटली की ‘गार्ड त्यानेच काढले’ हे उत्तर ठरलेले असते. उत्पादन वाढावे म्हणून ते कोणाच्या सांगण्यावरून काढले होते, हा प्रश्न दावा ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांसमोर विचारला गेलाच पाहिजे.

भरपाईची मोजणी : १९२३ च्या कायद्यातले गणित वेतन, वय आणि कमाईच्या क्षमतेची हानी या तीन गोष्टींवर चालते. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. गुणक १६ व्या वर्षी २२८.५४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९ आणि पासष्टीला ९९.३७ असतो. किमान रक्कम मृत्यूसाठी १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० रुपये. अंशतः अपंगत्वासाठी पहिल्या परिशिष्टात टक्केवारी दिली आहे : अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. परिशिष्टात नसलेल्या इजेसाठी डॉक्टर टक्केवारी ठरवतात.

मोजणीत घेतले जाणारे वेतन मात्र खऱ्या वेतनाइतके नसते, त्याला कमाल मर्यादा असते. २०१० पर्यंत ती ४,००० रुपये होती, ३१ मे २०१० पासून ८,००० झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. अपघाताच्या दिवशी लागू असलेली मर्यादाच धरली जाते. तीस वर्षांचा वेल्डर महिना २५,००० मिळवत असला, तरी त्याच्या मृत्यूची भरपाई १५,००० वरच मोजली जाते : ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. हाच माणूस २०१९ मध्ये गेला असता तर कुटुंबाला ८,३१,९२० रुपये मिळाले असते. त्याच वयाच्या आणि वेतनाच्या कामगाराचा अंगठा गेला तर आज ५,६१,५४६ रुपये येतात. या सगळ्या कायद्यात कामगारावर सर्वात मोठा अन्याय कोणी केला असेल तर तो या गोठलेल्या मर्यादेने. २०१० ते २०२० या दहा वर्षांत मजुरी वाढली, घरभाडे वाढले, मुलांची फी वाढली. माणसाच्या जिवाचा हिशेब तेवढा ८,००० वर थांबून राहिला.

परिशिष्टातल्या टक्केवारीपलीकडेही आयुक्तांना जाता येते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्ट काहीही म्हणो, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हा आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी १९७५ मध्ये उचलून धरला. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, हेही याच निकालात पक्के झाले. बोटे गमावलेला प्रेसवाला आणि पाय अधू झालेला हमाल यांचे वकील आजही याच निकालाचा आधार घेतात.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यावा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली, आणि त्या खर्चाला कायद्यात कमाल मर्यादा नाही.

विम्याची वाट : दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेतला, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयखाली येतो. जुलै २०१९ पासून वर्गणी वेतनाच्या ४ टक्के आहे. तीत मालकाचा वाटा ३.२५ आणि कामगाराचा ०.७५. उपचार मोफत होतात. कामावर जाता येत नाही तोवर वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. कायमचे अपंगत्व आल्यास मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या प्रमाणात आयुष्यभर, आणि मृत्यू झाल्यास वारसांना दरमहा पैसे मिळतात. महिना १८,००० मिळवणारा कामगार खाटेवर पडला, तर ईएसआयमधून त्याला महिन्याला सुमारे १६,००० मिळतील, १९२३ च्या कायद्याने ७,५००. घर चालवायला ईएसआय निःसंशय बरी. एकरकमी पैसा नातेवाईक, सावकार आणि लग्नकार्यात संपून जातो, दरमहा येणारा पैसा चूल पेटती ठेवतो. मात्र विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून पुन्हा भरपाई मागता येत नाही.

नाते सिद्ध करणे : हैदराबादेत खरी झुंज रकमेवरून होत नाही, ती ‘हा माझा माणूस नव्हेच’ या एका वाक्याशी असते. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस मेस्त्रीबरोबर जातो. मेस्त्री उपकंत्राटदाराचा असतो, उपकंत्राटदार बिल्डरचा. हजेरी एखाद्या वहीत लिहिलेली, उचल रोख दिलेली, ओळखपत्र नाही. कायदा येथे कामगाराच्या बाजूने उभा आहे. आपल्या धंद्याचे काम कंत्राटदारामार्फत करवून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो, आणि पुढे ती रक्कम त्याने कंत्राटदाराकडून वसूल करावी. रोजंदारीवरच्या नैमित्तिक मजुराला वगळणारी तरतूद २००० मध्येच काढून टाकण्यात आली. तरीही पुरावा लागतोच : गेटवरची नोंद, मोबाइलवरून आलेली मजुरी, सोबत्याची साक्ष, रुग्णालयात दाखल करताना लिहिलेले ‘कामावर पडला’ हे दोन शब्द. ते लिहिले न गेल्यामुळे दावे दुबळे पडतात, म्हणून जखमीला घेऊन जाणाऱ्याने कागद वाचूनच सही करावी.

२३ मार्च २०२२ च्या पहाटे सिकंदराबादजवळच्या बोयगुडा येथे भंगाराच्या गोदामाला आग लागली आणि वर झोपलेले बिहारचे ११ मजूर मरण पावले. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख, केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले. कामाच्या जागीच राहणाऱ्या मजुराचा झोपेतला मृत्यू ‘कामाच्या ओघातला’ का, हे त्याला तेथे कोणी व कशासाठी ठेवले होते यावर ठरते. स्थलांतरित मजुरांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही.

कार्यपद्धती आणि खर्च : महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयांचे न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवतात. तेलंगणात कामगार खात्याचे अधिकारीच भरपाई आयुक्त असतात. खात्याचे मुख्य कार्यालय आरटीसी क्रॉस रोड्सजवळच्या टी. अंजय्या कार्मिक संक्षेम भवनात आहे. ऑल्विनमध्ये मजुरी करता करता कामगार नेते आणि पुढे आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झालेल्या अंजय्यांचे नाव या इमारतीला शोभते. अर्ज दोन वर्षांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि प्रत्येक तारखेला देगलूरहून किंवा मुखेडहून येणाऱ्या विधवेची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. हा खर्च कोणत्याही परिशिष्टात नाही.

महिन्याभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज लागते, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालकाने विमा उतरवला असेल तर मुद्दल आणि व्याज विमा कंपनी भरते, दंड मालकालाच भरावा लागतो, असे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. उच्च न्यायालयात अपील करणाऱ्या मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते. परस्पर वारसांच्या हाती दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम वगळता, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. म्हणून ‘दोन लाख घ्या आणि सही करा’ ही गेटवरची तडजोड कायद्यापुढे टिकत नाही. हक्क सोडल्याचा असा करारही रद्दबातल ठरतो.

पाशमैलारम : ३० जून २०२५ ला पाशमैलारम येथील सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर होते. काहींचे अवशेषही हाती लागले नाहीत, ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १ कोटी रुपये देण्याची घोषणा झाली. १९२३ च्या कायद्याच्या गणिताने पंचवीस वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई १६,२६,८२५ रुपयांपुढे जात नाही. एकाच दिवशी पन्नास जण गेले तर एक कोटी, आणि बालानगरच्या शेडमध्ये एकटा गेला तर त्याचा सहावा हिस्सा, तोही वर्षानुवर्षे भांडून. मरणाची बातमी किती मोठी झाली यावर पोराबाळांचे भविष्य ठरू नये.

सद्यःस्थिती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा व १९४८ चा असे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. मोजणीची रीत जवळपास तीच ठेवली आहे. घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यानचा अपघातही, वेळ व ठिकाण यांचा कामाशी संबंध असल्यास, आता मालकाच्या भरपाईच्या कक्षेत येतो. ईएसआयमध्ये ही तरतूद २०१० पासूनच होती. माधापूर-गच्चीबावलीच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्यांना मात्र संहिता कर्मचारी मानत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या कल्याण योजनांची तरतूद आहे, वर सांगितलेली भरपाई त्यांना मिळत नाही. संहितेपूर्वी घडलेल्या अपघातांचा हिशेब अपघाताच्या दिवशीच्या कायद्यानेच होतो.