नदीवरचा दावा

पश्चिम तुर्कस्तानातली ब्युयुक मेंदेरेस म्हणजे प्राचीन ग्रीकांची मेआंद्रोस. तिची वळणं इतकी सरकत, की जमिनीच्या हद्दी बदलल्या म्हणून लोक थेट नदीवरच दावा लावत, असं भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे. नदी दोषी ठरली, की दंड तिच्यावरच्या होड्यांच्या उताराच्या पैशांतून भरायचा! वसुलीची ही सोय आजच्या महसूल खात्यालाही आवडेल.

नदी असं का करते, याचा नीट उलगडा १८७६ मध्ये जेम्स थॉमसनने केला. हा लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ, ग्लासगोत अभियांत्रिकीचा प्राध्यापक. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं, म्हणून तिथली पातळी किंचित चढते. तळाचं पाणी घर्षणाने मंदावलेलं असतं. बाहेर जाण्याचा जोर त्याच्यात कमी, पण चढलेल्या पातळीचा दाब त्याच्यावरही असतोच. ते तळातळाने आतल्या काठाकडे सरकतं आणि गाळ तिकडे ओढून नेतं. बाहेरचा काठ खचून डोह पडतो, आत वाळू साठते आणि वळण आणखी फुगतं. शेवटी दोन वळशांमधली जमीन अरुंद होते, एखाद्या पुरात फुटते आणि जुना वळसा नालाच्या आकाराचं तळं होऊन मागे उरतो. थॉमसनने पुढच्याच वर्षी छोट्या प्रतिकृतीत वळणावरचा हा प्रवाह दाखवूनही दिला.

१९२६ मध्ये आइन्स्टाइनने हेच चहाच्या पेल्यावरून समजावलं: ढवळल्यावर पानं तळाच्या मध्यावर गोळा होतात, ती याच आतल्या ओढीने. लोकांच्या लक्षात पेला राहिला. थॉमसन, पन्नास वर्षं आधी सांगूनही, मागे पडला. मला हा अन्याय वाटतो.

नदी किती वळते, याची मोजणी वरवर सोपी. प्रवाहाची लांबी भागिले दरीची लांबी. उत्तर दीड किंवा जास्त आलं, तर नदी नागमोडी, असा नदी-अभ्यासक लिओपोल्ड आणि वोलमन यांचा १९५७ चा दंडक. पण प्रवाहाची लांबी कोणत्या नकाशावरून घ्यायची? मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर बारीक वळसे दिसू लागतात आणि नदी लांबते. पोलिश गणिती ह्यूगो स्टाइनहाउसने १९५४ मध्ये बजावलं, की व्हिस्टुलाचा डावा काठ अधिकाधिक बारकाईने मोजत गेलं, तर शाळेच्या नकाशावरच्या लांबीच्या दहापट, शंभरपट, हजारपटही भरेल.

शिवाय मोजून होईपर्यंत नदी थांबत नाही. वळसे तुटून खालची मिसिसिपी १७६ वर्षांत २४२ मैलांनी आखडली, असा हिशेब मार्क ट्वेनने १८८३ मध्ये मांडला आणि त्याच वेगाने ७४२ वर्षांनी ती पावणेदोन मैलच उरेल, असं गंभीर चेहऱ्याने जाहीर करून टाकलं.