छायाचित्र नसलेल्या नातवंडांचा शोध

१/ हरवलेले मूल शोधायचे तर त्याचे छायाचित्र हवे, नाव हवे. अर्जेंटिनातील काही आज्यांजवळ दोन्ही नव्हते. आपल्याला नातवंड झाले असावे, एवढेच त्या जाणत होत्या. तरीही त्यांनी शोध आरंभला. तो आजही चालू आहे. 🧵

२/ २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. विरोधकांना घरांतून उचलून गुप्त छळकेंद्रांत नेले जाई. पुढे त्यांचा ठावठिकाणा लागत नसे. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. बाळंत होईपर्यंत त्यांना जिवंत ठेवले जाई.

३/ नंतर आईची हत्या होई आणि बाळ परक्या घरी जाई, पुष्कळदा लष्करी वा पोलिसांच्या कुटुंबात. जन्मदाखला खोटा, आईबापांची नावे खोटी. काही तान्ही मुले आईबापांसोबतच पळवली गेली. अशी मुले सुमारे ५०० असावीत, असा आज्यांचा अंदाज.

४/ १९७७ साली बेपत्ता तरुणांच्या माता ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात दर गुरुवारी जमू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल. आरंभी तो बाळाच्या लंगोटाच्या कापडाचा असे. नातवंडांच्या शोधासाठी त्याच वर्षी आज्यांची वेगळी संघटना उभी राहिली.

५/ १९८३ मध्ये लोकशाही परतली. पण आईबापच नाहीसे झालेले. मग रक्ताचे नाते ताडायचे कोणाशी? अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या साहाय्याने आजी-नातवाचे नाते सिद्ध करण्याची पद्धत विकसित झाली. १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय पेढी स्थापन झाली.

६/ प्रारंभी आवाहन होते ते भोवतालच्या लोकांना. संशय आलेले लोक निनावी माहिती कळवत. पुढे ही मुले वयात आली आणि आज्यांनी आवाहनाची दिशाच बदलली. प्रश्न आता थेट हरवलेल्यालाच होता : तू कोण आहेस, हे तुला ठाऊक आहे का?

७/ २००० पासून हा प्रश्न रंगभूमीवर आला. ‘अस्मितेसाठी रंगभूमी’ हे त्या चळवळीचे नाव. २०१४ च्या विश्वचषकापूर्वी लिओनेल मेस्सी आणि त्याचे सहकारी जाहिरातीत उतरले. आशय असा : गेले १० विश्वचषक आम्ही तुला शोधत आहोत.

८/ संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो. त्यांची कन्या लाउरा १९७७ मध्ये पकडली गेली. १९७८ मध्ये कैदेत तिला मुलगा झाला आणि पुढे तिची हत्या झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये तो मुलगा सापडला. वय ३६, व्यवसाय संगीत. मनात शंका आल्यामुळे तो स्वतःच तपासणीस आला होता. सापडलेल्यांत तो ११४ वा.

९/ सत्य स्वीकारणे सर्वांनाच सोपे नव्हते. ज्यांनी वाढवले, त्यांच्यावर माया जडलेली. तेच गुन्ह्यातील भागीदार निघत. २०१२ मध्ये न्यायालयाने ही बालचोरी पद्धतशीर असल्याचे ठरवून माजी हुकूमशहा विदेला यास ५० वर्षांची शिक्षा दिली.

१०/ जुलै २०२५ पर्यंत १४० जणांचा शोध लागला. उरलेले आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि अनेक आज्या कालवश झाल्या आहेत. पेढीत मात्र कुटुंबांचे नमुने जपलेले आहेत. उद्या कोणी आपल्या जन्माविषयी विचारत आला, तर आजी नसली तरी उत्तर मिळेल.