तरबाबादची बंद दुकाने

गावातले एखादे जुने हॉटेल बंद पडते तेव्हा त्याची नोंद कुठेच होत नाही. मालक थकतो, मुले शहरात नोकरीला लागतात, आणि एके दिवशी लावलेल्या फळ्या पुन्हा निघत नाहीत. लहानपणी खुलताबादच्या उरुसाला जाताना आमचे कुटुंब दौलताबादच्या किल्ल्याखाली, रस्त्याकाठच्या एका पत्र्याच्या हॉटेलात हमखास थांबायचे. मोठ्यांना चहा, आम्हा मुलांना बशीत बुडवून खारी. अम्मी बुरख्यात बाकड्याच्या टोकाला बसायची आणि हॉटेलवाले चाचा तिच्यासाठी दूध वेगळे तापवून द्यायचे. ते हॉटेल आज नाही. त्याचा फोटो कोणाकडे नाही आणि चाचांचे पूर्ण नावही आमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती शाळेच्या सहलीत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. किल्ल्यावर मी मुलांना मेंढा तोफ दाखवली, अंधारी वाट दाखवली, खंदक दाखवला. ११८७ च्या सुमारास यादव राजा भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली, हे सगळे सांगून झाले. तेवढ्यात एका मुलाने विचारले, ‘‘सर, इत्ते लोगां रहते थे, तो सौदा कां से लाते थे?’’

मी गप्प झालो. एवढी फौज, एवढे अमीर-उमराव, दिल्लीहून आलेले आलिम आणि सूफी. हे सगळे भाकरी कुठे घेत होते? कपडा कोण विणत होते? आपल्या पाठ्यपुस्तकात राजा येतो, लढाई येते, तह येतो. दुकान येत नाही. आणि महंमद तुघलक तर ‘लहरी महंमद’ म्हणूनच येतो. आजही सरकारने एखादा चुकीचा निर्णय घेतला की वर्तमानपत्रे ‘तुघलकी कारभार’ असा मथळा देतात. त्या लहरीने लोकांचे हाल झाले हे खरे आहे. पण या हकिकतीत आलेल्या माणसांनी पुढे काय केले, कोणते धंदे उभारले, हे कोणी विचारत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इब्न बतूताकडे सापडले. मोरोक्कोचा हा प्रवासी काही वर्षे दिल्लीत काझी होता. सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असताना, १३४२ च्या सुमारास, तो दौलताबादेत आला. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने आपला ‘रिहला’ सांगून लिहवून घेतला. त्यात दौलताबादच्या किल्ल्यातल्या मांजराहून मोठ्या उंदरांची गोष्ट आहे. वर्षातून दोनदा बहरणाऱ्या द्राक्षांची आणि डाळिंबांची आहे. इथल्या जवाहिऱ्यांची आहे, ज्यांना ‘साह’ म्हणत. आपल्या मराठीतला ‘साव’ आणि ‘सावकार’ याच घराण्यातले शब्द. आणि त्यात एका बाजाराचे वर्णन आहे. त्या बाजाराचे नाव तरबाबाद.

‘तरब’ म्हणजे गाण्याने मनाला येणारा आनंद. ‘मुतरिब’ म्हणजे गाणारा. तरबाबाद हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार होता आणि इब्न बतूताच्या मते तो अतिशय मोठा व देखणा होता. प्रत्येक दुकानाला मागे एक दार, ते मालकाच्या घरात उघडणारे. दुकानात गालिचे, मध्ये एक मोठा पाळणा, आणि त्यावर नटूनथटून बसलेली गायिका. बाजाराच्या मध्यावर एक सजवलेला घुमट. दर गुरुवारी असरच्या नमाजनंतर गवयांचा प्रमुख तिथे बसायचा आणि गाणाऱ्या स्त्रियांचे ताफे एकामागून एक येऊन मगरिबपर्यंत गात-नाचत. तिथून जाताना एक हिंदू राजा या घुमटात उतरून गाणे ऐकत असे आणि काही मुस्लिम सुलतानांनीही तसेच केले, असे तो लिहितो. याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज होत असे, हेही तो नोंदवतो.

हे वाचून आपल्यापैकी काहींना संकोच वाटेल. गाण्याच्या बाजारात तरावीह? पण एका काझीने पाहिलेली ही गोष्ट आहे आणि ती लपवून आपला इतिहास अधिक पाक होणार नाही. दुसऱ्या बाजूने, या बाजाराचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. गवयांच्या त्या प्रमुखापुढे त्याचे गुलामही उभे असत, असे त्याच वर्णनात आहे. पाळण्यावर बसलेल्या त्या स्त्रियांना तिथे बसायचे होते का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. बाजाराची आठवण ठेवायची तर ती पूर्णच ठेवली पाहिजे.

तरबाबाद आज कुठे आहे? त्याची एक भिंतसुद्धा दाखवता येत नाही. १३४७ मध्ये दख्खनच्या अमिरांनी तुघलकाविरुद्ध बंड केले आणि हसन बहमनशाहाचा राज्याभिषेक दौलताबादेतच झाला; पण राजधानी लवकरच गुलबर्ग्याला गेली. दरबार गेला की गाणे ऐकणारे जातात आणि ऐकणारे गेले की गाणारेही बिऱ्हाड उचलतात. पुढे निजामशाहीत दौलताबादला पुन्हा दिवस आले. पण १६१० मध्ये मलिक अंबरने जवळच खडकी वसवली. १६३३ मध्ये वेढ्यानंतर किल्ला मोगलांकडे गेला. खडकीचे औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६६६-६७ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो स्पष्ट लिहितो की दौलताबाद पूर्वी मोठ्या व्यापाराचे ठिकाण होते, आता तो व्यापार औरंगाबादेला आहे, आणि सुभेदार असताना औरंगजेबाने तो तिकडे नेण्यासाठी कसून प्रयत्न केले. म्हणजे दौलताबादची दुकाने लढाईत जळूनच बंद पडली असे नाही. गिऱ्हाईक काही कोसांवर गेले आणि दुकानदार त्याच्या मागे गेला.

तिसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांनी इथे कागद बनवायला सुरुवात केली, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चिंध्या चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या; त्यांचा लगदा पाण्याच्या हौदात कालवायचा; बारीक काड्यांचा साचा त्यात बुडवून अलगद उचलायचा; ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा; मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. हा घोटीव कागद ‘दौलताबादी’ म्हणून मराठी मुलखातही ओळखला जाई. जुन्नरी कागदाबरोबर त्याचे नाव जुन्या दप्तरांच्या संदर्भात येते. थोडा विचार करा. मुसलमान कागज्याच्या हाताने घोटलेल्या तावावर कुठे कुराणाची प्रत उतरली असेल, कुठे मोडीतला हिशेब, तर कुठे पोथी. कागदाने कधी शाईची जात विचारली नाही.

मग गिरणीचा कागद आला, स्वस्त आणि एकसारखा. खुद्द हैदराबाद संस्थानात १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्सची स्थापना झाली. १९४८ मध्ये संस्थानच संपले आणि त्याबरोबर जुन्या दप्तरांची पद्धतही बदलली. कागजीपुऱ्यात हातकागदाची कला अगदीच नामशेष झाली नाही, पण घराघरात हौद असलेले गाव आता राहिलेले नाही. आडनाव ‘कागजी’ आणि धंदा दुसराच, अशी माणसे आपल्याला ठिकठिकाणी भेटतात.

सहलीवरून परतल्यावर मी वर्गाला एक काम दिले. घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या वयस्क माणसाला भेटा आणि बंद पडलेल्या एका दुकानाची माहिती लिहून आणा. काय विकत होते, कोणाला विकत होते, का बंद झाले? मुलांनी आणलेल्या वह्यांत कल्हईवाला होता, भाड्याने सायकल देणारा होता, रेडिओ दुरुस्त करणारा होता. एका मुलीने लिहिले होते की तिच्या नानाच्या घरात हिमरूचा माग होता. तो मोडून त्याच्या लाकडाचा पलंग केला आणि त्यावर ती आता झोपते. जवळजवळ प्रत्येक वहीत बंद होण्याचे कारण एकच होते, ‘गिऱ्हाईक कम हुए.’ थेवेनोच्या आणि या मुलांच्या लिहिण्यात साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, पण कारण बदललेले नाही.

किल्ल्याची काळजी पुरातत्त्व खाते घेते. त्याचे दगड आणखी काही शतके राहतील. पण त्याच्या सावलीत कमावून खाणाऱ्या माणसांची आठवण राखायला कोणते खाते नाही. ती आठवण राहिली नाही तर या मुलखात आपले पूर्वज फक्त फौजेबरोबर आले आणि फौजेबरोबर गेले, एवढेच उरेल. आणि तेच आपल्याला पुन्हा पुन्हा ऐकवले जाते. खरे तर ते इथे राहिले, कागद घोटत, कपडा विणत, चहा उकळत. इथल्याच गिऱ्हाइकाने त्यांना जगवले.

तरबाबाद आज आपल्याला माहीत आहे, कारण एका मुसाफिराने काही ओळी सांगून ठेवल्या. आपण तर इथलेच रहिवासी. घरात वडीलधारे आहेत तोवर त्यांना विचारून एखाद्या दुकानाबद्दल पानभर लिहून ठेवावे, एवढीच विनंती आहे. माझ्या पानाची सुरुवात मी केली आहे. त्या पत्र्याच्या हॉटेलवाल्या चाचांचे नाव अजून मिळालेले नाही. पुढच्या उरुसाला गेलो की दौलताबादेत उतरून विचारणार आहे.