जुन्या पाकिटांतला छायाचित्रणाचा इतिहास

टपाल तिकिटांचा छंद असलेले अनेकजण तिकीट कापून घेतात आणि पाकीट टाकून देतात. व्यापारी टपालाच्या बाबतीत मात्र खरा ऐवज पाकिटावरच असतो. कोपऱ्यात छापलेले कंपनीचे नाव आणि टपाल खात्याचा तारखेचा शिक्का, असे दोन पुरावे तेथे एकत्र सापडतात.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. १८८१ मधील 'ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी'च्या नावात १८८४ मध्ये 'फिल्म' हा शब्द आला. १८८९ मध्ये ती 'ईस्टमन कंपनी' आणि १८९२ मध्ये 'ईस्टमन कोडॅक कंपनी' झाली. काचेच्या प्लेटकडून फिल्मकडे झालेली वाटचाल या नावांतच वाचता येते.

ग्राहकाशी दूरवरून व्यवहार हा या धंद्याचा पायाच होता. १८८८ चा २५ डॉलरचा कोडॅक कॅमेरा १०० छायाचित्रांच्या फिल्मसह मिळे. फिल्म संपली की ग्राहक कॅमेराच कारखान्याकडे पाठवी. १० डॉलरमध्ये छायाचित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत येई.

अभ्यासकाने एक पथ्य मात्र पाळावे. नाव बदलल्यावरही शिल्लक पाकिटे वापरली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे पाकिटावर जुने नाव दिसले, म्हणजे त्या तारखेपर्यंत ते बदललेच नव्हते, असे ठरत नाही. नवे नाव व स्पष्ट शिक्का असेल, तर ते नाव तोवर रूढ झाले होते, एवढे निश्चित म्हणता येते. तिकीट कापताना हा शिक्काच तुटतो आणि पुरावा कायमचा नाहीसा होतो.