जिओकॅशिंगमधील शिष्टाचार

जिओकॅशिंग हा उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने खेळला जाणारा मैदानी शोधखेळ आहे. एक खेळाडू एखादा डबा मोकळ्या जागी लपवतो व त्या जागेचे अक्षांश-रेखांश महाजालावर प्रसिद्ध करतो. इतर खेळाडू मोबाइल अथवा जीपीएस यंत्राच्या आधारे तेथे पोहोचतात, डबा शोधतात, आतील नोंदवहीत नाव व दिनांक लिहितात आणि डबा होता तसा ठेवून परततात. या खेळाला पंच नसतो, आखलेले मैदान नसते, आणि लपवणारा व शोधणारा यांची बहुधा कधीच गाठ पडत नाही. त्यामुळे हा खेळ लेखी नियमांइतकाच वर्तनाच्या संकेतांवर टिकून आहे. प्रस्तुत लेखात हे संकेत, तसेच ते महाराष्ट्रात, विशेषतः नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात पाळताना उपयोगी पडणाऱ्या व्यावहारिक सूचना दिल्या आहेत.

'कॅश' या मूळ शब्दाचा अर्थ येथे लपवून ठेवलेला साठा असा असून त्याचा रोख रकमेशी संबंध नाही. मराठीत रूढ प्रतिशब्द नसल्याने या लेखात 'डबा' हाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत नागरी वापरासाठी मुद्दाम अस्पष्ट करून सोडले जात असत. २ मे २००० पासून ही अस्पष्टता काढून टाकण्यात आली आणि सामान्य यंत्राची अचूकता शंभर मीटरच्या आसपास होती ती दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतील ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचवले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे प्रमुख संकेतस्थळ सुरू केले. उल्मर यांची बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती व तिच्यात घेवड्याचा एक डबाही होता. जमीन खणणे आणि खाद्यपदार्थ ठेवणे या दोन्ही गोष्टी आज निषिद्ध आहेत, म्हणजे खेळाचा पहिला डबा आजच्या नियमांत बसला नसता.

अक्षांश-रेखांशांनी जागा निश्चित करण्याची परंपरा मात्र या भूमीला नवी नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा येथे आधाररेषा मोजली. तेथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत विदर्भातून मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर ठाण्यापर्यंत गेली. लॅम्बटन यांचे निधन याच कामाच्या प्रवासात १८२३ मध्ये हिंगणघाट येथे झाले व पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले. कल्याणपूरचे रेखांश ७७° ३९′ पूर्व आहे आणि हदगावचे साधारण ७७° ४०′ पूर्व, म्हणजे जवळजवळ तेच. भारताच्या मोजणीचा हा महान कंस याच पट्ट्यातून गेलेला आहे. टेकड्यांच्या माथ्यावर वा जुन्या इमारतींवर सर्वेक्षणाच्या कोरीव खुणा आढळल्यास त्या पाहाव्यात, छायाचित्र घ्यावे. त्यांवर डबा ठेवणे, त्या खरवडणे किंवा दगड हलवणे सर्वथा वर्ज्य आहे.

शोधणाऱ्याचे वर्तन

मूळ संकेत साधा आहे: डब्यातून एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी आणि नोंद करावी. काहीही न घेता केवळ सही करून परतणे हेही तितकेच प्रतिष्ठेचे मानले जाते. सहीशिवाय 'सापडला' अशी नोंद संकेतस्थळावर करणे ही या खेळातील लबाडी होय. क्रमांक छापलेल्या काही 'प्रवासी' वस्तू डब्यातून डब्यात फिरत असतात. त्या उचलल्यास लवकरच पुढील डब्यात पोहोचवायच्या असतात, संग्रही ठेवायच्या नसतात.

डबा मूळ जागी, मूळ स्थितीत ठेवावा. 'अधिक चांगली' जागा सुचली म्हणून तो हलवू नये, कारण पुढचा खेळाडू जुन्याच अक्षांश-रेखांशांवर येणार असतो. जागेचे छायाचित्र किंवा नेमके वर्णन जाहीर नोंदीत देऊ नये. अडचण असल्यास लपवणाऱ्यास खासगी संदेश पाठवावा. डबा न सापडल्यास तशीही नोंद करावी. अनेक नवखे खेळाडू संकोचाने ती टाळतात, परंतु लागोपाठ तीन-चार जणांना डबा मिळाला नाही हे कळल्याशिवाय तो चोरीस गेल्याचे लपवणाऱ्यास समजण्याचा दुसरा मार्ग नसतो.

खेळाबाहेरच्या माणसाला खेळाडूंच्या भाषेत 'मगल' म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतून आला आहे. मगलच्या नजरेस पडू न देता डबा काढावा, असा सार्वत्रिक संकेत आहे. मराठवाड्यातील खेड्यांत मात्र तो जसाच्या तसा पाळणे धोक्याचे ठरू शकते.

परवानगी आणि संशय

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये 'मोकळी सार्वजनिक जागा' गृहीत धरलेली असते. हदगाव परिसरात पाहू गेल्यास शिवारातील प्रत्येक धुऱ्याला दोन मालक असतात आणि पुष्कळदा त्यांच्यात वाद असतो. पडीक दिसणारी जमीन गायरान असेल तर तिच्यावर ग्रामपंचायतीची देखरेख असते. पांदण रस्ता सर्वांचा असला तरी त्याच्या कडेचे बाभळीचे झाड कोणाचे, हे गावाला नेमके ठाऊक असते. म्हणून डबा ठेवण्यापूर्वी शेतमालकाची व गावठाणाजवळ असल्यास सरपंच किंवा पोलीस पाटील यांची परवानगी घ्यावी. परवानगी मागताना 'संकेतस्थळ', 'सदस्यत्व' असे शब्द न वापरता डबाच उघडून दाखवावा. मुलांचा लपाछपीसारखा खेळ आहे, यात पैसे नाहीत, एवढे सांगितल्यास बहुतेक जण चहा पाजून परवानगी देतात. मात्र बांध कोरण्यावरून तंटा चालू असलेल्या धुऱ्यावर परवानगी मिळाली तरी डबा ठेवू नये.

संशयाची कारणे तीन प्रकारची असतात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिले कारण गुप्तधनाचे. पडके वाडे, जुन्या समाध्या, बारवा यांच्या आसपास कोणी यंत्र हातात घेऊन फिरू लागला की तो गुप्तधन शोधतो आहे, हीच गावाची पहिली समजूत होते. तिला आधारही आहे, कारण अशा शोधापायी खोदकाम आणि अघोरी प्रकार झालेले आहेत. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्यासंबंधी १८७८ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्यामुळे खुरपे, कुदळ, धातुशोधक यंत्र यांपैकी काहीही सोबत नेऊ नये. खणायचे नाही हा खेळाचाच नियम आहे.

दुसरे कारण करणी व भानामतीच्या भीतीचे. परदेशातील डब्यांत छोटी बाहुली, नाणे, रंगीत दोरा, मणी या वस्तू सर्रास असतात. याच वस्तू धुऱ्यावरच्या दगडाखाली एका डबीत कोणाला सापडल्या, तर शेजारच्या घरातील एखाद्या वृद्धेवर आळ येण्यास तेवढे पुरते. ज्या भावकीत आधीच बोलणे बंद आहे, तेथे त्याचे परिणाम खेळाडूच्या कल्पनेपलीकडचे असतात, आणि खेळाडू तोपर्यंत शंभर किलोमीटर दूर गेलेला असतो. मूळ नियमावलीत नसला तरी मराठवाड्यात हा पहिला नियम मानावा: डब्यात बाहुली, लिंबू, नाणे, केस, हळद-कुंकू, तांबडा वा काळा दोरा, कागदावर काढलेल्या आकृत्या यांपैकी काहीही नसावे. खोडरबर, पेन्सिलीचे टोकयंत्र, पक्ष्यांची चित्रे, पोस्टाची तिकिटे या वस्तू निर्धोक आहेत.

तिसरे कारण बेवारस वस्तूचे व अनोळखी माणसाचे. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर लपवलेली अशीच डबी बॉम्ब समजून पथकाने नियंत्रित स्फोटाने नष्ट केली होती. बसस्थानक, रेल्वे स्थानक, पूल, धरणाची भिंत, वीज उपकेंद्र, शाळेचे आवार आणि गर्दीची देवस्थाने येथे डबा ठेवूच नये. अनोळखी माणसाबद्दलच्या संशयाचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांचा जीव घेतला. ते आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत गावात आले होते. झाडाझुडपांत वाकून पाहणारा, कोणी दिसताच मोबाइल खिशात घालून टेहळणी करणारा परगावचा माणूस नेमका संशयास्पद दिसतो. म्हणून लपूनछपून वावरण्यापेक्षा आधी गावात जाऊन रामराम करावा, काय शोधतो आहोत ते सांगावे, आणि एखादा गुराखी पाठोपाठ आलाच तर त्यालाही शोधात घ्यावे. लहान मुलांशी त्यांच्या घरच्यांच्या अपरोक्ष बोलू नये, त्यांना डब्यातील वस्तू वा गोळ्या देऊ नयेत. शक्यतो दोघा-तिघांनी, दिवसाउजेडी जावे.

डब्याच्या बाहेर मोठ्या अक्षरांत मराठीत मजकूर असावा: हा एका खेळाचा डबा आहे, यात मौल्यवान वा धोकादायक काही नाही, उघडून पाहण्यास हरकत नाही, परत येथेच ठेवावा. सोबत लपवणाऱ्याचा संपर्क क्रमांक लिहावा. डबा पारदर्शक असल्यास उत्तम.

डबा, नोंदवही व ठेवण्याची जागा

हवाबंद झाकणाचा जाड प्लॅस्टिक डबा बहुतेक ठिकाणी चालतो. त्याहून लहान प्रकारासाठी बाटली फुगवण्यापूर्वीची प्लॅस्टिकची जाड नळी वापरतात. तिचे आटे पाणी आत येऊ देत नाहीत. नोंदवही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत पेन्सिल ठेवावी, कारण ओलीत शाई पसरते. खाद्यपदार्थ, अत्तर, साबण यांच्या वासाने मुंग्या व उंदीर येतात; काडेपेटी, चाकू, औषधे, तंबाखू व मद्य यांना सर्वत्र बंदी आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते. शोधाची अवघडता आणि वाटेची बिकटता प्रत्येकी १ ते ५ अशा श्रेणीत प्रामाणिकपणे नोंदवावी.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात व लहान डबी त्यांत नाहीशी होते. पावसाळ्यात तीच भेग बुजते. त्यामुळे डबी जमिनीवर न ठेवता दगडाच्या सांदीत किंवा खोडाच्या ढोलीत ठेवावी, झाडाला खिळा मात्र ठोकू नये. ढोलीत पक्ष्याचे घरटे असल्यास ती सोडून द्यावी.

अक्षांश-रेखांश घेण्याची रीत

या खेळात अंश आणि दशांश मिनिटे अशी मांडणी रूढ आहे. हदगाव शहर ढोबळमानाने उ १९° ३०′, पू ७७° ४०′ असे सांगता येते, परंतु अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे असल्याने एवढ्यावरून डबा सापडणार नाही. मिनिटांचे तीन दशांश दिल्यास अक्षांशात सुमारे १.८५ मीटर व या भागात रेखांशात सुमारे १.७५ मीटर इतकी सूक्ष्मता येते. शालेय भूगोलातील हा भाग मुलांना शिकवण्यास यापेक्षा सोपे साधन क्वचितच मिळेल.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची चूक पाच मीटरच्या आसपास असते. दाट झाडी, कडा किंवा तटबंदी यांजवळ ती वाढते. त्यामुळे लपवणाऱ्याने वेगवेगळ्या दिवशी अनेक वाचने घेऊन सरासरी काढावी. शोधणाऱ्याने शेवटच्या दहा मीटरमध्ये पडद्याकडे पाहणे थांबवून डोळ्यांनी शोधावे. जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून अक्षांश-रेखांश घेऊ नयेत. ते एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीगोलाच्या मापांवर आधारलेले असून जीपीएसच्या प्रणालीशी त्यांचा शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो.

परदेशातून सुटीवर येणाऱ्या नातलगांनी एक दक्षता घ्यावी. केवळ संकेत ग्रहण करणारे जीपीएस यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश वा दूरध्वनी करणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र भारतात विनापरवाना बाळगणे बेकायदेशीर असून त्यावरून पर्यटकांना अटक झालेली आहे.

संरक्षित स्थळे

कंधार, औसा, उदगीर येथील किल्ले, खरोसा येथील लेणी किंवा होट्टलची मंदिरे डब्यासाठी आकर्षक वाटली, तरी तटातील एक सैल दगड हलवणे हेही नुकसानच आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांस १९५८ चा केंद्रीय व इतर संरक्षित स्मारकांस १९६० चा राज्य कायदा लागू आहे. पैनगंगा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश करू नये. अशा स्थळांसाठी 'भू-डबा' हा प्रकार अधिक योग्य होय. २००४ पासून रूढ झालेल्या या प्रकारात डबा नसतोच; खेळाडूने जागेवरील भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याचा काळा कातळ त्यासाठी उत्तम विषय ठरेल.

क्षेत्रातील धोके

सांदीत थेट हात घालू नये. आधी काठीने चाचपावे व विजेरीने पाहावे. घोणस, नाग, मण्यार आणि लाल विंचू या भागात आढळतात. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ शासकीय रुग्णालय गाठावे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती तारा ओढून झटका यंत्र लावतात, क्वचित बेकायदेशीरपणे थेट वीजही सोडतात. तारेचे कुंपण ओलांडू नये, तिला हातही लावू नये. कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत, म्हणून पडद्याकडे पाहत चालू नये. किल्ल्यांवर व लेण्यांत आग्यामोहोळ असल्यास तेथून शांतपणे मागे फिरावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर शोध घेणे टाळावे. उभ्या पिकातून, विशेषतः हळदीच्या वाफ्यांतून, वाट काढू नये.

देखभाल

डबा ठेवणाऱ्यावर त्याची कायमची जबाबदारी असते. सुटीत गावी येऊन डबा ठेवायचा आणि पुण्याला निघून जायचे, हे नियमास धरून नाही. गावात राहणाऱ्या कोणीतरी देखभाल स्वीकारल्यासच ते चालते. वर्षातून किमान दोन फेऱ्या कराव्यात. पहिली मृगापूर्वी, कारण मशागतीच्या वेळी धुरे साफ केले जातात व पालापाचोळ्यासह डबाही पेटवला जातो. दुसरी दसऱ्यानंतर, वाट सुकल्यावर. डबा बंद करायचा झाल्यास आधी तो प्रत्यक्ष उचलून आणावा, शेतमालकास तसे कळवावे आणि मगच संकेतस्थळावरील नोंद मिटवावी.