प्रत वाचवायला गेले, बाजार थांबला : 24 फेब्रुवारी 2021

छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, असो की मुंबई. त्या बुधवारी राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) सौदे सगळीकडे एकदमच थांबले. सौदे नोंदवणारी यंत्रणा चालू होती. अडली ती डिस्कवरची साठवण.

सकाळी 9.15 (बाजार थांबायला उरले 2 तास 25 मिनिटे)
बाजार उघडला. वायदे सौद्यांची मासिक मुदत दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी संपणार होती, त्यामुळे सौदे पुरे करण्याची घाई होती. एकही व्यवहार गहाळ होऊ नये म्हणून मुख्य केंद्रातली माहिती जवळच्या राखीव केंद्रातही उतरत असते. ही वाट तुटू नये म्हणून दोन कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या घेतल्या होत्या.

10 च्या सुमारास (उरले पावणेदोन तासांहून कमी)
एनएसईचा निर्देशांक निफ्टी याचे ताजे आकडे अडखळू लागले. दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या बिघडल्या होत्या. रस्त्यावरचे खोदकाम आणि बांधकाम हे त्यामागचे कारण पुढे एनएसईने सांगितले. जोडणी तुटली तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम रेटायला हवे होते. प्रत्यक्षात मुख्य साठवणच सर्व्हरना मिळेनाशी झाली. जोखीम मोजणारी, हिशेब चुकता करणारी, निर्देशांक काढणारी आणि देखरेख ठेवणारी, अशा सगळ्या यंत्रणा तिच्यावरच उभ्या होत्या.

11.40 (उरले शून्य)
कोणाच्या खात्यात किती जोखीम आहे हे कळत नसताना सौदे चालू ठेवणे धोक्याचे होते. आधी वायदे बाजार बंद झाला, 11.43 ला रोखीचा.

दुपारी 12 ते 3.30
चेन्नईत आपत्कालीन केंद्र होते, पण काम तिकडे हलवले नाही. बाजार पुन्हा कधी उघडणार, हे दलालांना कळत नव्हते. बाजार बंद होण्याची साडेतीनची वेळ जवळ येताच अनेकांनी ग्राहकांचे त्याच दिवसाचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाने मिटवले.

दुपारी 3.45 ते 5
एनएसई पुन्हा उघडली. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स त्या दिवशी 1,030 अंकांनी वधारला. ज्यांचे सौदे आधीच मिटले होते त्यांच्या हाती काही उरले नव्हते. मार्च 2021 मध्ये बाजार नियामक सेबीने नियम कडक केले : बिघाडानंतर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर 45 मिनिटांत कामकाज पूर्ववत करा.

आपल्या कारखान्यातला पुढचा रविवार
छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत बिले, मालाचा साठा आणि पगारपत्रके सांभाळणाऱ्या प्रत्येकाने या दिवसाकडे नीट पाहावे. माहिती जपण्यासाठी केलेले कामही मुख्य साठवणीवर भार टाकते. डेबियन लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीची, तपासणी आपोआप सुरू होते आणि प्रत्येक डिस्क वाचायला घेतली जाते. सेकंदाला 200 एमबी वेग सलग मिळाला, तरी 8 टीबीची डिस्क वाचायला अकरा तास लागतात. बॅकअपही त्याच वेळी लावला असेल तर डिस्कचे हेड दोन्ही कामांसाठी इकडून तिकडे धावत राहते. दोन्ही कामे रेंगाळतात आणि सोमवारी सकाळी कामगार आले तरी बॅकअप अपुराच असतो.

डिस्क निकामी झाल्यावरचा रिबिल्ड, म्हणजे तिच्यावरची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करणे, याहून कठीण. रेड 5 मध्ये एकच डिस्क गमावणे परवडते. रिबिल्ड चालू असताना उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळेच जाते. अशा वेळी नेहमीचा जड बॅकअपही चालू राहिला, तर हा धोक्याचा काळ लांबतो.

म्हणून या आठवड्यात तीन कामे करा. तपासणी आणि बॅकअप यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. बॅकअपची प्रत त्याच डिस्कसंचावर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवा. आणि राखीव यंत्राची जोडणी मुद्दाम काढून, मुख्य काम चालू राहते का ते सुट्टीच्या दिवशी पाहा. ही परीक्षा स्वतः घेतलेली बरी. कामाच्या दिवशी ती अचानक झाली, तर नुकसान कामगारांचे आणि ग्राहकांचे होते.