एका धूमकेतूचा हिशेब



प्रथम वर्ष बी. एस्सी.ला गेलेले आमचे माजी विद्यार्थी भेटले की एक तक्रार ठरलेली असते : "सर, ही डिफरन्शियल इक्वेशन्स शिकून करायचे काय?" अशा वेळी मी त्यांना एका धूमकेतूची हकीकत सांगतो.

१५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८च्या सुमारास पुन्हा येईल, असे भाकीत एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने १७०५ मध्ये केले. तो स्वतः १७४२ मध्ये वारला. पण नेमका दिवस कोणता? धूमकेतूची एक फेरी ७६ वर्षांची, तर दुसरी ७५ची. कारण वाटेत गुरू आणि शनी त्याला ओढतात. या क्षणी वेग कसा बदलतो आहे, एवढेच न्यूटनचा नियम सांगतो. हेच अवकल समीकरण. सूर्य आणि धूमकेतू दोघेच असते तर त्यातून मार्गाचे सूत्र सरळ निघते. तिसरा आला की निघत नाही. मग मार्गाचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर ग्रहांची ओढ मोजायची आणि बेरीज करत पुढे सरकायचे.

पॅरिसमध्ये तिघांनी हे काम हातांनी केले. पद्धत क्लेरोची, आकडेमोडीत लालांद आणि निकोल-रेन लपोत. लपोतबाई एका घड्याळजीच्या पत्नी. मुलीला गणित कशाला, असे विचारणाऱ्या पालकांनी हे नाव जरूर ध्यानात ठेवावे. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा हिशेब चालत असे, असे लालांदने लिहून ठेवले आहे. (आमच्या वर्गात दहा गुणाकार दिले तरी कुरकुर होते!) नोव्हेंबर १७५८ मध्ये क्लेरोने उत्तर जाहीर केले : मागील फेरीपेक्षा गुरूमुळे ५१८ आणि शनीमुळे १०० दिवस उशीर, एप्रिल १७५९च्या मध्यास धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, महिनाभर मागेपुढे.

२५ डिसेंबर १७५८च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो प्रथम पाहिला. हा गृहस्थ शेती सांभाळून खगोलशास्त्र आपले आपण शिकलेला. १३ मार्च १७५९ रोजी धूमकेतू सूर्याजवळ पोचला. शाहत्तर वर्षांच्या हिशेबात चूक अवघ्या महिन्याची, आणि तीही युरेनस व नेपच्यून ठाऊक नसताना!

क्लेरोने १७६०च्या आपल्या ग्रंथात लपोतबाईंचा उल्लेख केला नाही. लालांदने मात्र त्यांच्यावाचून हे काम हाती घेण्याचे आपल्याला धाडसच झाले नसते, असे स्पष्ट लिहिले.